फक्त व्हायोलिन मिसळून हे संगीत झालं नाही

निओक्लासिकल डार्क वेव्ह, म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय वळणाचं गडद, उदास संगीत, यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘गॉथ रॉकमध्ये (उदास, काळोख्या ढंगाच्या रॉकमध्ये) थोडं व्हायोलिन मिसळलं आणि निओक्लासिकल डार्क वेव्ह तयार झालं’ हे वाक्य खटकलं.

डेड कॅन डान्स या बँडचंच बघा. १९८१ मध्ये मेलबर्नला सुरुवात, पुढच्या वर्षी त्यातले दोघे गायक, लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी, लंडनला आले. १९८४ चा पहिला अल्बम अजून गिटार-बास-ड्रमचाच. खरं वळण १९८५ च्या ‘स्प्लीन अँड आयडियल’मध्ये: चेलो, ट्रॉम्बोन, टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम). इथे वाद्यं सजावटीला आलेली नाहीत. गाण्याचा सांगाडाच बदलला. रॉकचा ठेका मागे सरला आणि चर्चमधल्या समूहगानासारखे लांब, संथ स्वर पुढे आले.

१९८७ चा ‘विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन’ तर एलपीच्या क्रमाने ऐकाच. पहिली बाजू पेरीच्या आवाजाची, दुसरी जेरार्डची. बाजू पालटली की तुतारीसारखी ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची, गर्जना उठते आणि मग ती बाई गाते. शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, तिने स्वतः घडवलेले. कुणी विचारतं, अर्थ काय? अहो, तराण्यातल्या ‘तोम तननन’चा अर्थ विचारतो का आपण? मेलबर्नमध्ये ग्रीक, तुर्की शेजाऱ्यांची गाणी ऐकत ती वाढली, ते तिच्या गळ्यात उतरलंय. लेखात याचा उल्लेखच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या इन द नर्सरी या बँडला कृपया विसरू नका. त्यांची सुरुवातही १९८१ चीच, आणि लष्करी ड्रमवर तंतुवाद्यं चढवण्याची त्यांची रीत पूर्ण वेगळी.