पेंचची तूट कोणी सोसायची?

रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेतल्या कट्ट्यावर पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाच्या साठ्यावरून वाद पेटला. मौद्याकडे धानाची शेती असलेल्या मित्राचे म्हणणे सरळ होते : मध्य प्रदेशाने वर चौराईला धरण बांधून आमचे पाणी अडवले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका त्यावर लगेच म्हणाले, "आमचे पाणी कसे? 1964 च्या करारात पेंचच्या पाण्यातले 35 टीएमसी (अब्ज घनफूट) त्यांचे आणि 30 टीएमसी आपले ठरले. त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे पाणी त्यांनी अडवले, तर तक्रार कशाच्या आधारावर करशील?"

काकांचा मुद्दा कायद्याच्या अंगाने बरोबर आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही, असे मला ठामपणे वाटते. टीएमसीचा आकडा वर्षभराच्या पाण्याचा असतो, तर धरण भरते ते दिवसादिवसाने. पाऊस ओढ देतो तेव्हा वरचे धरण आधी भरते, खालच्या धरणाला उरलेसुरले मिळते आणि तुटीचा जवळजवळ सगळा भार खालच्यावर येतो. मग कागदावरचे प्रमाण काहीही असो. 2019 च्या जुलैत तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपला आणि नागपुरात एक दिवसाआड नळ सुरू झाले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मित्राने त्यात शेताची बाजू घातली : पऱ्हे (धानाची रोपे) तयार होऊन बसतात, रोवणीला कालव्याची पाळी मिळत नाही आणि सप्टेंबरात पाणी सुटले तरी वाया गेलेली रोवणी परत येत नाही.

बंगळुरूला काही वर्षे नोकरी केलेल्या मैत्रिणीने कर्नाटक आणि तामिळनाडू यांच्यातल्या कावेरी वादाचा दाखला दिला. लवादाने 2007 च्या निवाड्यात 740 टीएमसी पाणी गृहीत धरून वाटप केले आणि पाणी कमी पडल्यास प्रत्येकाचा वाटा त्याच प्रमाणात घटवावा, असे सांगितले. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकडे बदलले, तेव्हा सर्वसाधारण वर्षात दोन राज्यांच्या सीमेवरच्या बिळिगुंडलू येथे तामिळनाडूला 177.25 टीएमसी पोहोचले पाहिजे, असे ठरले. तरीही 2023 च्या सप्टेंबरात, तामिळनाडूसाठी पंधरा दिवस 5,000 क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडण्याच्या आदेशावरून, आधी बंगळुरू आणि मग सारे कर्नाटक बंद झाले. "सूत्र असूनही हेच होणार असेल, तर सूत्राचा उपयोग काय?" असे तिने विचारले.

मला त्याच घटनेत उपयोग दिसतो. बंद झाले, घोषणा झाल्या. पण भांडण पंधरा दिवसांत किती पाणी सोडायचे यावर होते आणि ते मोजण्याचे ठिकाण दोन्ही राज्यांसाठी एकच होते. पेंचवरही जुलैपासून दर पंधरवड्याला चौराई आणि तोतलाडोह यांची आवक एकत्र मोजावी, आकडे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना दिसतील असे जाहीर करावेत आणि तूट असेल तर ती 35 आणि 30 च्या प्रमाणातच, धरणे भरत असतानाच वाटावी. ऑक्टोबरात हिशेब मांडून काहीही हाती लागत नाही.

काकांनी हे मान्य केले आणि एक अट घातली : आधी पिण्याचे पाणी बाजूला काढावे. खरा तिढा इथेच पडला. मित्र म्हणाला, "काका, ते कोणाच्या वाट्यातून? दोन्ही राज्यांच्या एकूण पाण्यातून काढले तर माझी हरकत नाही. पण नागपूरचे पाणी महाराष्ट्राच्या कमी झालेल्या वाट्यातूनच निघाले, तर उरलेली तूट पूर्णपणे आमच्या कालव्यावर येईल." एकूण पाण्यातून काढायचे ठरले, तर मध्य प्रदेशातले छिंदवाडाही तशीच मागणी करेल आणि ती नाकारता येणार नाही, असे काकांचे उत्तर होते. मला मित्राची बाजू अधिक न्याय्य वाटते. मात्र ती मांडताना शहरानेही आपली गरज घटवून दाखवली पाहिजे. कोराडीच्या वीज केंद्राला नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले जाते. त्यामुळे पेंचचे जे पाणी वाचते, ते टंचाईच्या वर्षी कालव्याच्या नावावर लिहून द्यायला महाराष्ट्राला मध्य प्रदेशाची संमती लागत नाही.