धुक्यात हेलिकॉप्टर थांबते कशाच्या आधाराने? : एका प्रतिक्रियेला उत्तर

समुद्रावर कमी दृश्यमानतेत होणाऱ्या हेलिकॉप्टर उड्डाणांच्या धोक्यांविषयी मी लिहिले, त्यावरील आपल्या प्रतिक्रियेची सुरुवातच ‘कोल्हापुरात बसून वैमानिकांना शहाणपण शिकवू नका’ अशी आहे. मतभेद मी समजू शकतो, ही भाषा नाही. कोल्हापूरचा असलो तरी अरबी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर रेडिओ ऑपरेटर म्हणून मी अकरा वर्षे काढली आहेत, आणि पावसाळ्यात जुहूहून आलेल्या हेलिकॉप्टरचा आवाज डोक्यावर घुमत असूनही ते दिसत नसे, तेव्हा माईक धरलेला हात घामाने ओला व्हायचा. आपण विचारले असते तर हे सांगितले असते.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिली बेटांजवळच्या १९८३ च्या हेलिकॉप्टर अपघातात सर्व जण दगावले, असे माझ्याकडून लिहिले गेले होते. २६ पैकी ६ जण वाचले. ही चूक मान्य आहे आणि दुरुस्तही केली आहे.

आता आपले वाक्य : ‘हेलिकॉप्टर हवेत थांबू शकते, मग धुक्याचा बाऊ कशाला?’ थांबू शकते, पण वैमानिक ते जागेवर धरून ठेवतो तो समोरच्या एखाद्या स्थिर खुणेकडे बघून. गगनबावड्याच्या घाटात धुके उतरले तरी निदान रस्त्याची कड दिसते. समुद्रावर पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे होतात, क्षितिज नाहीसे होते, आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला सावकाश होणारे वळण किंवा घसरण जाणवतही नाही.

सिली बेटांजवळ कोसळलेल्या त्या सिकोर्स्की एस-६१ हेलिकॉप्टरची इंजिने नीट चालू होती. २५० फुटांवरून, बाहेर बघत, ते उडवले जात होते. नकळत खाली येत ते पाण्यावर आदळले. त्या अपघाताच्या चौकशीतूनच उंची घटल्यावर आवाजाने बजावणाऱ्या यंत्रणेची शिफारस झाली. २००९ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्रात ईटॅप या तेलाच्या प्लॅटफॉर्मकडे रात्री धुक्यातून उतरणारे ईसी-२२५ हे हेलिकॉप्टरही तसेच पाण्यात गेले. आतले १८ही जण वाचले, म्हणून आपल्याला तो अपघात क्षुल्लक वाटत असेल. मला वाटत नाही.

ऑटोपायलट, वैमानिकांचे पगार वगैरे आपल्या बाकीच्या मुद्द्यांचा मूळ लेखाशी संबंध नाही, म्हणून ते सोडून देतो. थांबण्याच्या मुद्द्यावर आपल्याला अजून काही म्हणायचे असेल तर जरूर लिहा, मात्र माझ्या गावाचा उद्धार न करता.