पाच लिटर आम्लाने चुनखडी रान सुधारत नाही

सांगोला-पंढरपूर भागातल्या डाळिंबवाल्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतोय. त्याचा मतलब असा: एकरी पाच लिटर सल्फ्युरिक आम्ल ठिबकमधून सोडा, सामू (pH, माती किती आम्ल वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 8.3 वरून 6.5 वर येतो. जोडीला जिप्सम टाका, चुनखडी मरते. त्याच पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली की ठिबकही साफ. तिन्ही गोष्टी चूक, आणि तिसरी तर जिवावर बेतणारी.

आधी पाच लिटरचा हिशोब. एकराचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे जवळपास 800 टन माती. त्यात मुक्त चुना 1 टक्का जरी धरला तरी 8 टन कॅल्शियम कार्बोनेट झाले. 100 किलो कॅल्शियम कार्बोनेट संपवायला 98 किलो शुद्ध आम्ल लागते. पाच लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल भरते साधारण 9 किलो, म्हणजे चुनाही 9 किलोच जाणार. आठ टनांतले नऊ किलो! रानात चुना 5 टक्के असेल तर साठा 40 टनांचा.

मग काहींना सामू उतरलेला दिसतो तो कसा? ड्रिपरखालची ओली माती लगेच तपासली तर आकडा थोडा वेळ कमी येतो. पण चुना आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा तोल 8.2-8.3 च्या आसपास बसतो, आणि चुना शिल्लक आहे तोवर माती तिथेच परत येते. शिवाय 8.3 ते 6.5 हा ‘दोन अंकांचा’ किरकोळ फरक नव्हे. हायड्रोजन आयन सुमारे 63 पट व्हावे लागतात.

जिप्समचे म्हणाल तर ते कॅल्शियम सल्फेट, आम्ल नव्हेच. चुन्याला ते हातही लावत नाही. त्याचे काम चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीत: मातीच्या कणांना धरून बसलेले सोडियम कॅल्शियमने हटवायचे, मग पाणी देऊन ते निचऱ्यावाटे बाहेर काढायचे. निचरा नसेल तर पैसे वाया. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर ढेकूळ फसफसले तर चुना आहे, एवढेच कळते. चोपण ठरवायला सामू 8.5 च्या वर आणि प्रयोगशाळेच्या अहवालात विनिमययोग्य सोडियम (कणांना धरून बसलेले, पण हटवता येणारे) 15 टक्क्यांच्या वर लागते.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर दुखणे बहुधा लोहाचे. लोह मातीत असते, या सामूला विरघळत नाही. म्हणून ते चिलेटच्या, म्हणजे लोह विरघळलेले धरून ठेवणाऱ्या संयुगाच्या रूपात देतात. त्यातले ईडीटीए चिलेट इथे लोह सोडून कॅल्शियम धरते. महाग असले तरी ईडीडीएचए चिलेट घ्यावे. गंधक शेणखताबरोबर बेडमध्ये द्यावे. जिवाणू त्याचे आम्ल करतात, पण त्याला ओल, हवा आणि काही आठवडे लागतात, आणि फायदा मुळांभोवतीच्या पट्ट्यापुरताच.

आम्लाचा खरा उपयोग ठिबकमध्ये साचलेला चुना काढायला. तिथे हायड्रोक्लोरिक बरे, कारण कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात सल्फ्युरिकने जिप्समचा साका बसू शकतो. मात्रा कुणाला विचारू नका, बादलीत काढा. बोअरचे 10 लिटर पाणी घ्या, सिरिंजने 1-1 मिली आम्ल टाकून ढवळा आणि दर वेळी सामू कागद बुडवा. लिटरमागे 300 मिलिग्रॅम बायकार्बोनेट (पाण्यात विरघळलेला, आम्ल खाणारा क्षार) असेल तर बाजारातले 30-33 टक्क्यांचे आम्ल 5 मिलीच्या आसपास लागते. सुरुवातीला सामू 6 च्या वरच रेंगाळतो. बायकार्बोनेट संपत आले की झपकन घसरतो. घाईत जास्त पडते ते इथेच. कागद 4 दाखवेल ती मात्रा गुणिले 100, म्हणजे 1000 लिटरची मात्रा. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू 4 आला की पंप बंद करा, लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या नळ्या) रात्रभर भरलेल्या ठेवा, सकाळी टोकाची एन्ड कॅप काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. द्रावण करताना नेहमी पाण्यात आम्ल ओता. आम्लात पाणी पडले तर जागीच उकळून अंगावर उडते. हातमोजे आणि चष्मा हवाच.

ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट असते. आम्लाशी गाठ पडली की त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद पंपघरात तो फुफ्फुस जाळतो. शेवाळ काढायचे तर आम्ल पूर्ण धुऊन निघाल्यावर, वेगळ्या दिवशी. तेव्हाही सोडियम हायपोक्लोराइट वापरा. ब्लीचिंग पावडरमधला चुना परत ड्रिपरमध्येच जाऊन बसतो.