साडूंची फियाट आणि माझी

दुरुस्तीला काढलेल्या माझ्या जुन्या फियाटच्या बॉनेटवर कागद डकवला होता : 'बेवारस वाहन. ७ दिवसांत हलवावे, अन्यथा'. अन्यथाच्या पुढे शाई संपली होती. वाहन बेवारस असेल तर ही सूचना वाचायची कोणी, हा प्रश्न सोसायटीच्या कमिटीला पडलेला नाही. तेही चालवून घेतलं असतं. पण कागद चिकटवला कशावर, तर उघड्या प्रायमरवर. प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर, रंग नव्हे. त्यात पाणी मुरतं. वर पातळ डिंक चोपडला की ओल खाली पत्र्यापर्यंत जाते आणि तिथे गंज धरायला लागतो. तो कागद ओल्या फडक्यानेही काढता येत नाही. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कोरडाच घासायचा, मग ४०० नंबर, मग तेवढ्या चौकोनाला पुन्हा प्रायमर.

घासत होतो तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. हातात दुधाची पिशवी.

"चालू झाली का?"

"नाही अजून."

"डुक्कर फियाट ना ही?"

"नाही हो काका. ती आधीची, गोल पाठीची. ही प्रीमियर पद्मिनी. १९७५ ची."

"तेच ते. आमच्या साडूंकडे होती."

साडूंची फियाट खंबाटकी चढताना एकदाही गरम झाली नाही. लिटरला वीस जायची. आणि विकली तेव्हा घेतल्यापेक्षा जास्त पैसे आले. यातली शेवटची गोष्ट मात्र खरी असू शकते. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या गाडीला शोरूमपेक्षा भाव असायचा.

"किती गेले आतापर्यंत?"

"हिशेब ठेवत नाही."

"ठेवा, ठेवा. एवढ्यात वॅगन-आर आली असती."

"आली असती."

काका गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. दुधाची पिशवी बॉनेटवर ठेवली. ती उचलून मी त्यांच्या हातात दिली.

"मग असं करा ना, हिच्यात वॅगन-आरचंच इंजिन टाका. एसीही बसेल."

मी समजावून सांगितलं, की २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. मुख्य अट : मूळ रूप राखलेलं हवं. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत.

"आणि तो नंबर मिळाला की रोज ऑफिसला नेता येईल?"

"नाही. त्या नंबरावर रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली असं काही असेल तर."

"म्हणजे वीस हजार भरायचे, ते न चालवण्यासाठी?"

याला उत्तर सुचेना, म्हणून मी पेपर बदलला.

काकांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. अर्धवट राहिलेल्या बहुतेक गाड्यांचं मूळ बोल्टांच्या पिशवीत सापडतं. पहिल्या रविवारी माणूस जोरात असतो. दारं, सीटा, डॅशबोर्ड, बंपर, सगळं सुटं करतो, बोल्ट एकाच पिशवीत टाकतो आणि पिशवी पोटमाळ्यावर. सहा महिन्यांनी त्यातून हेडलॅम्पच्या रिंगचा स्क्रू शोधायला बसलं की तासाभरात वैराग्य येतं. तेव्हा एका वेळी एकच कोपरा खोला. श्रीखंडाचे रिकामे डबे घ्या, वर चिकटपट्टी लावून 'उजवं पुढचं दार, आतून' असं लिहा, आणि काढण्याआधी फोटो काढा. चाकं आणि ब्रेक सगळ्यात आधी पूर्ण करा. जी गाडी ढकलता येते ती डेंटरकडे जाते. जी ढकलता येत नाही तिला क्रेन लागते, आणि क्रेनवाल्याशी भाव करणं हा या लेखाचा विषय नाही.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून दोन-दोन चमचे ओता, चार दिवस विसरून जा. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू मागे-पुढे करा. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, बऱ्याचदा सुटतं. पाना पहिल्यांदा बोटभर सरकतो ना, तेवढ्या सरकण्यावर महिनाभर उत्साह टिकतो. हट्टाने जोर लावला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि उत्साहाबरोबर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंतही जाते.

ब्रेकची हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात, आणि सोसायटीत रविवारी सकाळी रिकामं असलेलं दुसरं माणूस एकच. ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबच्या चाकापासून, डाव्या मागच्यापासून, सुरुवात. मी खाली पाना घेऊन, काका सीटवर.

"दाबा."

"दाबला."

"धरा."

मी चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल केला. पारदर्शक नळीतून बुडबुडे येऊ लागले.

"सोडू का?"

"नको!"

हा प्रश्न काका पाय उचलल्यानंतर विचारतात. निपल उघडा असताना पाय उचलला की बाहेर आलेली हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. निपल आवळल्यावरच 'सोडा' म्हणायचं, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर, साडूंच्या गाडीला असलं काही करावं लागत नसे, असं कळलं. दरम्यान डॉट-३ चे चार थेंब प्रायमरवर पडले. ब्रेक ऑइल रंग खातं. पुन्हा पेपर.

खरं चिडायचं तर सुट्या भागांवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळे हळहळले. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, मुंबईची शान वगैरे. पण व्हील सिलिंडरचा, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचा, धड रबर किट कोणी बनवत नाही. बॉक्सवर 'ओरिजिनल' छापलेलं असतं, आतलं रबर दोन महिन्यांत फुगतं. जुन्या बाजारात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांपेक्षा स्वस्त मिळतं, पण तो माल कुठल्या गाडीचा हे विक्रेता आपल्यालाच विचारतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल जुन्या नळ्या आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅम खराब करतं, शिवाय हवेतली ओल ओढून घेतं. उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून सडतो. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, मध्ये पारदर्शक फिल्टर टाका, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. हे सगळं गाडी सुरू होण्याआधी.

आणि डेंटर. फ्लोअरचा सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायला दोन दिवस, त्यावर लांबी, म्हणजे पुटी, थापायला अर्धा तास. पैसे दोन्हीचे सारखेच, त्यामुळे डेंटर काय निवडेल हे उघड आहे. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. जाड थर ओल धरतो आणि दोन पावसाळ्यांत फुगून पापुद्रा सुटतो. चुंबकाला फडकं गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे निसटेल तिथे पत्रा नाही, कलाकुसर आहे.

आमच्या डेंटरने पावसाळ्यात हात लावायला नकार दिला, ते मला पटलं. दमट हवेत एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग पांढरट पडतो. मग गणपती आले. मग पितृपक्षात नवं काम नको. दसऱ्याला इतरांच्या नव्या गाड्यांचे ओरखडे, दिवाळीत पोरं गावाला. परवा फोन केला तर म्हणाला, "लग्न उरकलं की लगेच घेतो हातात." मी अभिनंदन केलं, कोणाचं लग्न म्हणून विचारलं.

"तुळशीचं."