म्हणे, पूर्वी कापसात गुंडाळूनच जगायची!

व्हॉट्सॲपवर सध्या एक निरोप जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी सातव्या महिन्यात झालेली मुलं कापसात गुंडाळून घरीच वाढायची, आता पैसे उकळायला महिना-महिना काचेच्या पेटीत ठेवतात. आईनं नीट आराम केला तर ही वेळ येतच नाही. आणि आलीच तर सरकारी दवाखान्यात सगळं फुकट. बाळ दोन किलोचं झालं की सुटलात! ज्यांचं बाळ आत्ता पेटीत आहे त्यांच्या मोबाइलवरही हे येऊन पडतं, म्हणून उत्तर द्यायला हवं.

कापूस ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. बाराशे ग्रॅमच्या बाळाची स्वतःची ऊबच तोकडी. गरोदरपणाच्या साधारण चौतिसाव्या आठवड्याआधी फुप्फुसं पुरती तयार नसतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, म्हणून दूध नळीनं द्यावं लागतं. सातव्या महिन्यात जन्मून नव्वदी गाठलेले आजोबा दाखवता येतील, पण जी बाळं गेली त्यांची गोष्ट सांगायला कोण उरलंय? 1971 साली देशात दर हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत दगावत. 2020 साली 28. याचं श्रेय एकट्या पेटीचं नाही, पण कापसाचं तर मुळीच नाही.

ऊब हवी हे मात्र खरं. आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बाळ धरण्याच्या कांगारू पद्धतीवर भारतासह पाच देशांत अभ्यास झाला, तो 2021 साली प्रसिद्ध झाला. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच असं धरलं, तर मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. तेही घरी नव्हे, दवाखान्यातच, नर्स-डॉक्टरांच्या नजरेखाली.

खाजगी रुग्णालयांच्या बिलांबद्दलचा राग समजू शकतो. दिवसाला काही हजार, व्हेंटिलेटर वेगळा, फुप्फुसं उघडायचं औषध वेगळं. हिशोब मागाच. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, हेही विचारा. पण बिल फुगवलं म्हणून बाळाला उपचारांची गरजच नव्हती, असं होत नाही.

आईच्या आरामाचा मुद्दा सगळ्यात दुष्ट. वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी, आधीच फुटलेली पाणमोट अशी कारणं असतात, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. नुसतं पडून राहिल्यानं अकाली प्रसूती टळते याला पुरावा नाही. तरी पाहुणे विचारतात, "काही जड उचललं होतंस का?" ती त्या वेळी दर दोन-तीन तासांनी कोपरापर्यंत हात धुऊन वाटीत दूध काढत असते. सुरुवातीला पाच मिली निघालं तरी नर्स बाटलीवर चिकटपट्टी लावून 'बेबी ऑफ' आणि तिचं नाव लिहून ठेवते. बाळाला अजून नाव नाही, बारसं लांबलंय, मांडी रिकामी. त्यात हा निरोप.

आता 'फुकट'. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (2011 पासून) सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, ने-आण मोफत आहेत. पुढे ही सोय वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली. योजना चांगली आहे, जरूर घ्या. पण बाप रोजंदारीवर असेल तर त्याचे खाडे कोण भरून देणार? जिल्ह्याच्या गावी जेवणखाण, आजीजवळ ठेवलेलं मोठं पोर, एसटीच्या खेपा, मग उसनवारी, मग गहाण मंगळसूत्र. यातलं काहीच बिलात छापलेलं नसतं. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बापाच्या पोटात 'नातेवाईक आत या' अशी हाक आली की गोळा येतो, तो तर कुठल्याच हिशोबात नाही.

राहिलं 'दोन किलो झालं की सुटलात'. अकाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या आणि वेळीच उपचार झाले नाहीत, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, हीच मेख. म्हणून चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत व्हायला हवी. फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख नसेल, तर घरी निघण्याआधी मागून लिहून घ्या.