काडीचे व्याज

टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या कुंपणाला लागून जी तांबडी जास्वंद उभी आहे, ती कागदोपत्री माझी आणि व्यवहारात शेजारच्या अक्कांची आहे. चार वर्षांपूर्वी आषाढात अक्कांनी आपल्या झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी मोडून माझ्या हातात ठेवली आणि "हे दासवाळ लावा ओ, गणपतीला फुलं होतील," असे बजावले. गणपती त्यांच्या देवघरातला, हा तपशील मला फुले लागल्यावर कळला. बेळगावच्या पावसाळ्यात तांबड्या मातीत खोचलेली जास्वंदीची काडी सहसा दगा देत नाही. तशी हीही जगली, आणि तेव्हापासून मी तिचे व्याज फेडतो आहे.

जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी मिटते. त्यामुळे सहाच्या ठोक्याला पिशवी घेऊन कुंपणाशी येणाऱ्या अक्कांचे म्हणणे असे की, जे संध्याकाळी मिटायचेच आहे, ते सकाळी देवाला वाहिलेले काय वाईट? या युक्तिवादाला वनस्पतिशास्त्राचाच आधार असल्यामुळे माझी बोलती बंद होते.

फुले त्यांची असली, तरी पिठ्या ढेकूण मात्र निखालस माझे आहेत. गेल्या उन्हाळ्यात पानांच्या बेचक्यांत कापसाच्या बोळ्यांसारखे काही पांढरे दिसू लागले, तेव्हा कुठून तरी कापूस उडून आला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चष्मा लावून पाहिले तर तो कापूस हळूहळू चालत होता, आणि खोडावरून मुंग्यांची रांग लगबगीने वर निघाली होती. हे किडे झाडाचा रस शोषून गोड चिकट द्रव टाकतात, तो मुंग्या चाटतात आणि मोबदल्यात किड्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. एकूण माझ्या झाडावर सुव्यवस्थित गोठा चालला होता आणि चाऱ्याचा खर्च तेवढा माझ्याकडे होता. पुढचे तीन रविवार जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून मी एकेक बेचके घासले, मग कडुनिंबाचे तेल फवारले. त्या वासाने घरच्यांनी माझे ताट व्हरांड्यात मांडले. अक्कांनी मात्र नाकाला पदर लावून त्या दिवसाचीही फुले नेली आणि धुऊन घेतली.

पुढे झाड कुंपणाच्या वर गेले, आणि फुले शेंड्यांवर, म्हणजे नेमकी अक्कांच्याच हाताशी येऊ लागली. जास्वंदीला कळ्या नव्या फुटव्यावर धरतात, म्हणून छाटणी करावी लागते, हे मला ठाऊक होते. पण कात्री चालवताना मनात शास्त्राइतकाच सूडही होता, हे कबूल केले पाहिजे. पावसाच्या तोंडावर मी झाड निम्म्याने खाली आणले. पुढचे काही आठवडे पानेच पाने आली आणि अक्कांची पिशवी रिकामी परत जात राहिली. मला थोडे अपराधी आणि बरेचसे मोकळे वाटत होते.

एके सकाळी त्या कुंपणाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, छाटलेल्या फांद्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडनं एवढ्याचं होत नाही बघा. हे घ्या, पिवळी आहे, लवकर फुलते." त्यांच्या हातात वीतभर काडी होती, आणि माझा हात माझ्या नकळत पुढे झाला होता.