‘कुत्री उचला, येऊरला सोडा’ या मजकुराला मुद्देसूद उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नसबंदी म्हणजे पैशांचा चुराडा; पालिकेने भटकी कुत्री गाडीत घालून येऊरच्या जंगलात सोडावीत, नाहीतर कायमची कोंडावीत; ज्यांना पुळका आहे त्यांनी दत्तक घ्यावीत. यामागची भीती खरी आहे. ज्या घरातल्या मुलाला कुत्रं चावलंय, त्यांना कोणी शहाणपण शिकवू नये. पण सुचवलेले उपाय ती भीती वाढवणारे आहेत.

‘येऊरला सोडा’

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रं हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य. जंगलाच्या कडेला कुत्री नेऊन टाकणं म्हणजे बिबट्याला पाड्यांच्या दारात बोलावणं. डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि रेबीज हे दोन्ही रोग कुत्र्यांकडून वन्यप्राण्यांत जातात, तो धोका वेगळाच.

इकडे रिकाम्या झालेल्या गल्लीत उघडा कचरा तसाच राहतो. त्यावर शेजारच्या भागातली नवी कुत्री येतात, बहुधा बिननसबंदीची, बिनलसीची आणि तिथल्या माणसांना न ओळखणारी. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं पकडल्या जागीच सोडायचं असतं. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कायम ठेवलं. त्यातून रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळली. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बस डेपो, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून उचललेली कुत्रीही तिथे परत सोडायची नाहीत.

‘नसबंदी करूनही संख्या वाढते’

हा आक्षेप अर्धा खरा आहे. मादी साधारण सहाव्या महिन्यापासून वयात येते, सुमारे 63 दिवसांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं देते. दहा गल्ल्यांतून दोन-दोन कुत्री उचलली तर मागे राहिलेल्या माद्या ती घट सहज भरून काढतात. एक वस्ती हातात घेतली की तिथल्या कुत्र्यांची नसबंदी पूर्ण करूनच पुढे जायला हवं. रेबीजची साखळी तोडायलाही सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस लागते.

त्यासाठी आधी वस्तीतल्या कुत्र्यांची मोजणी पहाटे, वर्दळ सुरू होण्याआधी करा. नर, मादी, पिल्लं आणि कानाला काप (नसबंदी झाल्याची खूण) असलेली कुत्री वेगवेगळी लिहा. कुत्री पकडणारं पथक येणार असेल तर आदल्या रात्रीपासून खाऊ घालू नका. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाऊन कुत्रं दगावू शकतं. अंगावर पिणारी पिल्लं असलेली मादी उचलू देऊ नका. मागे पिल्लं उपाशी मरतात.

सगळ्यात मोठा घोळ नोंदीत होतो. पकडलेल्या कुत्र्याच्या टोकन नंबरासमोर जागा म्हणून नुसतं ‘कोलशेत रोड’ लिहिलेलं चालत नाही. कोणतं गेट, विजेच्या खांबाचा नंबर, वेळ, फोटो, सगळं हवं. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस ठेवून, टाके कोरडे आहेत आणि कुत्रं नीट खातंय हे बघून मगच सोडायचं. जागा दोन सोसायट्यांनी जरी चुकली, तरी ते परक्या टोळीत सापडतं, मार खातं, बिथरून माणसांवर धावतं. मग लोक म्हणतात, ‘नसबंदीनंतर पिसाळलं.’

‘नसबंदी झालेलंही चावतंच’

चावू शकतं. माजावरच्या मादीवरून होणारी भांडणं आणि पिल्लांसाठी अंगावर येणारी आई, ही दोन कारणं मात्र कमी होतात. कानाला काप दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते. चावा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. दंडाच्या स्नायूत घ्यायच्या इंजेक्शनांचे दिवस 0, 3, 7, 14 आणि 28. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

‘कायमची कोंडा’

कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. पिंजरे भरतात, गर्दीत पार्व्हो (कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) आणि डिस्टेंपर पसरतो, आणि गल्ली पुन्हा भरते ती भरतेच.

‘दत्तक घ्या’

जरूर घ्या, पण सगळीच कुत्री घरात रमत नाहीत. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेलं, माणसाला हात लावू न देणारं कुत्रं फ्लॅटमध्ये कोंडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. देण्याआधी दहा-बारा दिवस वेगळं ठेवा, कारण पार्व्होची लागण झालेलं पिल्लू सुरुवातीला ठणठणीत दिसतं. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तिसऱ्या महिन्यात रेबीजची. घर बघायला जा: बाल्कनीला जाळी आहे का, घरातले सगळे राजी आहेत का, भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का. कुत्री परत येतात ती बहुतेक याच कारणांनी. मोठं कुत्रं दिलंत, तर पहिले दोन आठवडे पट्टा आणि हार्नेस दोन्हीला वेगळी दोरी बांधूनच बाहेर काढायला सांगा. लिफ्टचं दार उघडताना एक दोरी निसटली तरी दुसरी हातात राहते.